हिवाळ्यासाठी जन्मलेली गाडी : क्वाड बाइकचा इतिहास आणि बारमाही निवड

१९६७ साली होंडाच्या अमेरिकेतील शाखेने जपानमधील आपल्या संशोधन विभागाकडे एक मागणी केली. अमेरिकेत होंडाच्या मोटारसायकली धडाक्यात खपत होत्या, पण थंडी पडली की दुकाने ओस पडत. बर्फात आणि चिखलात दुचाकीवर बसणार कोण? तेव्हा हिवाळ्याच्या महिन्यांतही दुकानदाराला विकता येईल असे काहीतरी बनवून द्या, एवढेच म्हणणे होते. हे काम ओसामु ताकेउची या अभियंत्याकडे आले.

आज स्पोर्ट क्वाड म्हटले की वाळूच्या टेकड्या, समुद्रकिनारा आणि सुट्टीचे दिवस डोळ्यांसमोर येतात. पण ही गाडी जन्मली ती थंडीच्या अडचणीतून. बारा महिने चालवता येईल असे क्वाड कोणते, हा प्रश्न म्हणूनच नवा नाही. या वाहनाच्या जन्माआधीचा तो पहिला प्रश्न आहे.

ताकेउचींनी दोन चाकांपासून सहा चाकांपर्यंत सगळे प्रकार करून पाहिले. हाताशी इंजिन लहान होते. तेवढ्या ताकदीत मऊ जमिनीवर आणि बर्फावर वळायला तीन चाकांची रचना बरी ठरली. खरी अडचण टायरची होती. अरुंद टायर बर्फात रुततो. त्या काळी अमेरिकेत अँफिकॅट नावाची सहा चाकी, पाण्यातही चालणारी गाडी मिळत असे. तिचे फुगीर, कमी हवेचे टायर ताकेउचींच्या उपयोगी पडले. वजन मोठ्या पृष्ठभागावर पसरले की चाक रुतत नाही, हे आपल्याकडे वाळूत बैलगाडी हाकणाऱ्यालाही ठाऊक असते. १९७० साली यूएस-९० या नावाने ही तीनचाकी बाजारात आली. इंजिन ८९ सीसी, ताकद सात अश्वशक्ती, किंमत ५९५ डॉलर. तिला स्प्रिंग नव्हते, शॉकॲब्सॉर्बर नव्हते; टायरमधली हवा हेच तिचे सस्पेन्शन. पुढे तिचे नाव एटीसी-९० झाले. १९७१ च्या ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’ या जेम्स बाँडच्या चित्रपटात ती वाळवंटात धावताना दिसली आणि तिची कीर्ती वाढली.

उर्दूत ‘ज़रूरत’ आणि ‘शौक’ हे दोन शब्द वर्गात शिकवताना मी मुलांना नेहमी सांगतो की पुष्कळ वस्तू पहिल्या दारातून घरात येतात आणि दुसऱ्या दारात जाऊन बसतात. या गाडीचेही तसेच झाले, फक्त उलटसुलट क्रमाने. आधी ती दुकानदाराची ज़रूरत होती, मग गिऱ्हाइकाचा शौक झाली, आणि त्यानंतर शेतकऱ्याच्या लक्षात आले की कुंपण पाहायला, गुरांमागे जायला, चारा न्यायला ही घोड्याइतकीच कामाची आहे. १९८२ मध्ये होंडाने ‘बिग रेड’ हे सामानाचे रॅक असलेले मॉडेल काढले ते अशाच गिऱ्हाइकासाठी. त्याच सुमारास शौकिनांचा रस्ता वेगळा झाला. १९८१ ची एटीसी-२५०आर ही टू-स्ट्रोक तीनचाकी निव्वळ वेगासाठी होती. कामाची गाडी आणि खेळाची गाडी अशा ज्या दोन फांद्या फुटल्या, त्या आजही वेगळ्याच आहेत. गाडी निवडताना पहिली गफलत इथेच होते.

चौथे चाक आणले सुझुकीने. एलटी-१२५ हे तिचे चारचाकी मॉडेल १९८३ चे. पाच गिअर, वर रिव्हर्स. गाडी साधी, नवशिक्यांसाठी. दोनच वर्षांनी, १९८५ मध्ये, सुझुकीने एलटी-२५०आर ‘क्वाडरेसर’ आणली. आज आपण जिला स्पोर्ट क्वाड म्हणतो तिचा सांगाडा इथे पक्का झाला : हलकी चौकट, लांब झोल घेणारे सस्पेन्शन, हाताचा क्लच, मागच्या चाकांना चेनने मिळणारी ताकद. १९८६ मध्ये होंडाची टीआरएक्स-२५०आर आली, आणि १९८७ मध्ये यामाहाची बॅन्शी.

बॅन्शीबद्दल दोन ओळी जास्त लिहायला हव्यात, कारण तिची एक चुलत बहीण आपल्या रस्त्यांवर धावलेली आहे. बॅन्शीचे इंजिन यामाहाच्या आरझेड-३५० या मोटारसायकलीवरून आलेले. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, ३४७ सीसी, पाण्याने थंड होणारे. याच घराण्यातल्या जुन्या, हवेने थंड होणाऱ्या आरडी-३५० वरून एस्कॉर्ट्सने १९८३ पासून भारतात राजदूत ३५० बनवली. ज्यांनी तरुणपणी राजदूत ३५० चा आवाज ऐकला आहे, त्यांना बॅन्शीचा स्वभाव समजावून सांगावा लागणार नाही. खालच्या फेऱ्यांत गाडी शांत असते, आणि एका क्षणी अंगात आल्यासारखी उसळते. आयर्लंडच्या लोककथांत मृत्यूची चाहूल देत आक्रोश करणाऱ्या स्त्रीला बॅन्शी म्हणतात. कंपनीने आवाजासाठी हे नाव निवडले असेल. पण ज्या वर्षी ती आली त्या वर्षी अमेरिकेत या वाहनांमुळे होणाऱ्या मृत्यूंचीच चर्चा चालू होती.

तीनचाकी उलटत असे. मागचा आस एकसंध, त्यात डिफरन्शियल नाही, म्हणून वळताना दोन्ही मागची चाके सारख्याच वेगाने फिरतात. वळायचे तर चालवणाऱ्याने अंग झुकवून आतल्या चाकावरचे वजन कमी करावे लागते. हे शिकल्याशिवाय जमत नाही. तीन चाके पाहून मात्र लोकांना ती दुचाकीपेक्षा सुरक्षित वाटायची आणि आईबाप मुलांच्या हाती ती बिनधास्त द्यायचे. मृतांमध्ये सोळा वर्षांखालील मुलांची संख्या मोठी होती. १९८७ च्या डिसेंबरात अमेरिकी सरकार न्यायालयात गेले आणि एप्रिल १९८८ मध्ये होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी आणि पोलारिस या पाच कंपन्यांशी झालेल्या समझोत्याला न्यायालयाची मंजुरी मिळाली. नव्या तीनचाकींची विक्री बंद झाली. गिऱ्हाइकाला मोफत प्रशिक्षण, गाडीवर धोक्याची सूचना आणि ९० सीसीच्या वरची गाडी सोळा वर्षांखालील मुलासाठी विकायची नाही, असे बंधन आले. समझोता दहा वर्षांचा होता. २००८ मध्ये कायदाच झाला आणि नव्या तीनचाकींच्या आयातीवरही बंदी आली.

हा इतिहास मी एवढ्या तपशिलाने लिहितो आहे त्याला एक कारण घडले. माझा एक जुना विद्यार्थी कॅनडात आल्बर्टा प्रांतात नोकरी करतो. त्याने विचारले, “सर, मला बाराही महिने चालवता येईल असे स्पोर्ट क्वाड घ्यायचे आहे. माझा तेरा वर्षांचा मुलगाही चालवील. कोणते घेऊ?” माझ्यापाशी क्वाड नाही, आणि मी मेकॅनिकही नाही. पण या गाड्यांचा इतिहास मी वाचला आहे, आणि त्याच्या प्रश्नाची बरीच उत्तरे तिथे आहेत. त्याला लिहिले तेच इथे सविस्तर मांडतो.

पहिली गोष्ट, गाडी वर्षातल्या सर्वांत चांगल्या महिन्यासाठी निवडू नये, सर्वांत वाईट महिन्यासाठी निवडावी. आल्बर्टात तो महिना म्हणजे जानेवारी. बॅन्शीसारख्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्या अजूनही जुन्या बाजारात मिळतात आणि त्यांचे चाहते जीव टाकतात. पण पेट्रोलमध्ये दर वेळी तेल मिसळायचे, गोठवणाऱ्या थंडीत चोक ओढून किका मारायच्या, हे रोजच्या माणसाचे काम नाही. कार्ब्युरेटरची गाडी उन्हाळ्यात जुळवलेली असते. हिवाळ्यात हवा दाट होते आणि तिचे मिश्रण बिघडते. फ्युएल इंजेक्शन हा बदल स्वतः ओळखते. बारमाही वापरासाठी सेल्फ स्टार्ट आणि फ्युएल इंजेक्शन या दोन गोष्टींवर तडजोड करू नये.

दुसरी गोष्ट शर्यतीची गाडी आणि भटकंतीची गाडी यांतल्या फरकाची. १९९९ मध्ये होंडाच्या टीआरएक्स-४००ईएक्स या फोर-स्ट्रोक गाडीने स्पोर्ट क्वाडचा दुसरा काळ सुरू केला. २००१ मध्ये यामाहाची रॅप्टर ६६० आली. २००४ पासून ४५० सीसीच्या शर्यती गाड्यांची रांग लागली : यामाहा वायएफझेड-४५०, होंडा टीआरएक्स-४५०आर, मग सुझुकी आणि कावासाकी. या गाड्या मोटोक्रॉसच्या मैदानासाठी, वरच्या फेऱ्यांत ताकद देणाऱ्या. २००६ मध्ये रॅप्टरचे इंजिन ६८६ सीसीचे झाले, त्याला फ्युएल इंजेक्शन मिळाले. हे इंजिन खालूनच ओढते आणि गाडीला रिव्हर्स आहे. वायएफझेड-४५०आरला रिव्हर्स नाही. बर्फाच्या ढिगात पुढचे चाक अडकले की सुमारे १९० किलोची गाडी हाताने मागे ओढावी लागते, तेव्हा रिव्हर्सची किंमत कळते.

डकार शर्यतीचा दाखला इथे बोलका आहे. २००९ पासून क्वाडना तिथे स्वतंत्र गट होता. २०१० ते २०१३ या चारही शर्यती अर्जेंटिनाच्या पॅट्रोनेली बंधूंनी, मार्कोस आणि आलेहान्द्रो यांनी, रॅप्टर ७०० वर जिंकल्या. २०२० मध्ये ही शर्यत जेद्दाहहून सुरू होऊन सौदी अरबस्तानच्या वाळवंटात धावू लागली, तेव्हाही क्वाडच्या गटात रॅप्टरच जास्त दिसे. दोन आठवडे रोज शेकडो किलोमीटर कापायचे तर सर्वांत चपळ गाडीपेक्षा न दमणारी गाडी लागते. बारमाही चालवणाऱ्याची गरज त्याच जातीची आहे.

तिसरी गोष्ट थोडी कडू आहे. स्पोर्ट क्वाडला फक्त मागच्या चाकांची ओढ असते. दाबलेल्या बर्फावर, वाळूत, चिखलाच्या वाटेवर ते मजेत जाईल. कमरेएवढ्या ताज्या बर्फात ते पोट टेकून बसेल. तिथे चारही चाकांना ताकद देणारी कामाची एटीव्हीच हवी. वर म्हटलेल्या दोन फांद्या त्या ह्याच. ज्याला जानेवारीत लाकडे ओढायची आहेत त्याने स्पोर्ट क्वाड घेऊ नये, मग ते कितीही आवडो.

चौथी गोष्ट सुट्या भागांची. २००८ च्या मंदीनंतर स्पोर्ट क्वाडचा बाजार आटला. गिऱ्हाईक दोघे शेजारी बसतात अशा साइड-बाय-साइड गाड्यांकडे वळले आणि एकेक ४५० सीसी मॉडेल बंद पडत गेले. डकारमधला क्वाडचा गटही २०२४ नंतर उरला नाही. जुनी गाडी स्वस्तात मिळते, पण तिचा भाग हिवाळ्याच्या मध्यावर मिळेल का, हे आधी दुकानात जाऊन विचारावे.

देखभालीचे थोडक्यात सांगतो. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात साधे पाणी कधीच घालू नये. न गोठणारे कूलंट घालावे, नाहीतर पहिल्याच कडाक्याला इंजिन तडकते. थंडीत पातळ ग्रेडचे ऑइल घालावे. बॅटरी काढून घरात ठेवली तर ती जास्त टिकते. ओल्या बर्फातून आल्यावर ब्रेक दोन-चार वेळा दाबून कोरडे करावेत, एरवी ते रात्रीत गोठतात. वाळूत चालवली असेल तर हवेचा फिल्टर त्याच दिवशी धुऊन तेल लावून बसवावा. समुद्रकिनाऱ्यावर चालवणाऱ्याने गोड्या पाण्याने धुण्यात आळस केला तर चेन आणि बेअरिंग एका मोसमात संपतात.

आता मुलाची गोष्ट. बापाची ६८६ सीसीची गाडी तेरा वर्षांच्या मुलाला चालवायला द्यायची नाही, एका दिवसासाठीसुद्धा नाही. मुलांच्या वयाप्रमाणे लहान इंजिनाची क्वाड मिळतात, त्यांत वेग आवळून ठेवायची सोय असते. घ्यायचे तर ते वेगळे घ्यावे. स्पोर्ट क्वाडचे आसन लांब असते म्हणून मागे कुणाला बसवण्याचा मोह होतो. ते आसन चालवणाऱ्याला अंग पुढे-मागे सरकवता यावे म्हणून लांब केलेले आहे. दुसरा माणूस बसला की ती हालचालच थांबते आणि गाडी उलटते. डांबरी रस्त्यावर तर ती नेऊच नये. कमी हवेचे टायर आणि एकसंध आस तिथे दगा देतात. आल्बर्टात २०१७ पासून सार्वजनिक जमिनीवर हेल्मेट सक्तीचे आहे. कायदा नसता तरी ते घालायचेच होते.

आपल्याकडेही आता कोकण-गोव्याच्या किनाऱ्यांवर आणि थंड हवेच्या ठिकाणी दहा मिनिटांच्या फेरीसाठी क्वाड भाड्याने मिळते. बापाच्या पुढ्यात चिमुरडे, मागे आई, कुणाच्याच डोक्यावर काही नाही, असे दृश्य मी सहलींमध्ये पाहतो. चार चाके आहेत म्हणजे पडणार नाही, हा भ्रम अमेरिकेत १९८० च्या दशकात फार महाग पडला. तो धडा पुन्हा स्वतःच्या मुलांवर शिकायची गरज नाही. आमच्या घरांत मूल ही अमानत मानतात. अमानतीसाठी गाडी निवडताना सीसी, वेग आणि रंग यांचा विचार शेवटी करावा. आधी मुलाचे वय, मग डोक्यावरचे हेल्मेट, मग शिकवणारा माणूस, आणि या तिन्ही गोष्टी जमल्या तरच दुकानाची पायरी चढावी.