दालन आणि पेटी



वस्तुसंग्रहालय उभारणे निराळे आणि ते लोकांचे होणे निराळे. या दोहोंतील अंतर कसे तोडावे, याचा वस्तुपाठ बडोद्याच्या इतिहासात आहे.

कमाटीबागेतील संग्रहालयाची इमारत १८९४ मध्ये पूर्ण झाली. दालने सर्वांसाठी होती. पण तेथवर येण्याचा भार पाहणाऱ्यावरच होता. दूरच्या खेड्यातील शेतकऱ्याला ते कसे साधावे? सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मात्र शाळा सुटल्यावर वाचावयास काही नसेल, तर शिकलेली अक्षरेही पुसली जातात. म्हणून १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना पाचारण करण्यात आले आणि ग्रंथालयांचे जाळे विणले गेले. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. निरक्षरांनाही वगळले नाही. जादूच्या कंदिलाची चित्रे त्यांच्यासाठी गावात दाखविली जात.

याहून मोलाचा वाटतो तो खर्चाचा नियम. गावकऱ्यांनी वर्गणी जमवावी. तेवढीच रक्कम स्थानिक मंडळाने व तेवढीच सरकारने द्यावी. त्यामुळे ग्रंथालय हे राजाचे दान न राहता गावाचेही झाले. मोतीभाई अमीन यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ही जाणीव खेड्यांत रुजविली.

प्रवेश खुला ठेवणे ही केवळ सुरुवात होय. संग्रहालय असो वा शाळेचे ग्रंथालय, त्याने लोकांपर्यंत चालत जावे आणि त्यांचा वाटाही मागावा. ज्यात आपला वाटा आहे, ते माणूस जपतो. आपल्या शाळेच्या कपाटांनाही हीच कसोटी लावावयास हवी.