बारावं कर्मादान आणि ताईंची कुत्री



प्रतिक्रमणात सातव्या व्रताशी आपण पंधरा कर्मादानं म्हणतो. त्यातलं बारावं निल्लंछणकम्मे. म्हणजे जनावरांना खच्ची करण्याचा, डागण्याचा धंदा. लहानपणापासून पाठ आहे, अर्थाशी कधी अडले नव्हते. मागच्या वर्षी अडले.

आमच्याकडे धुणंभांड्याला येणाऱ्या ताईंनी वस्तीत एक कुत्री पाळली आहे. वर्षातून दोनदा वियायची. एक पिल्लू रिक्षाखाली गेलं, बाकीची रोगाने. ताईंनी तिच्या ऑपरेशनसाठी पैसे मागितले, खासगी दवाखान्याने काही हजार सांगितले होते. मी म्हणाले, "दुधाला देते, औषधाला देते, पण हे पाप नको." त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या वेळी पाच पिल्लं झाली. एकही जगलं नाही. तेव्हा मात्र मला झोप लागेना, आणि आपल्या लोकांनी पूर्वी काय केलं ते शोधून वाचायला घेतलं.

मुंबईत कंपनी सरकारच्या काळात उन्हाळ्यात भटकी कुत्री मारायचा हुकूम असे. कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. पैसे मिळतात म्हटल्यावर लोक दारातली, पाळलेली कुत्रीसुद्धा ओढून नेऊ लागले. जून १८३२ मध्ये पारशी लोक रस्त्यावर उतरले, दंगल झाली. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. त्यात जैन आणि हिंदू व्यापारीही होते. कुलाब्याच्या पलटणीचा शिधा अडला, तेव्हा साहेबांचे डोळे उघडले!

दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, भुलेश्वरला पांजरपोळ उभा राहिला. त्यामागे सर जमशेटजी जीजीभाई होते आणि आपले मोतीशा शेठही. भायखळ्याचं आदिनाथांचं मंदिर आणि पालिताण्याची मोतीशा टूंक ज्यांची, तेच. खर्चासाठी व्यापाऱ्यांनी कापूस, साखर, अफू अशा मालावर स्वतःहून पट्टी बसवली. अफूच्या पैशातून जीवदया! मी कॉमर्सची, हा जमाखर्च वाचून जरा थबकलेच.

पांजरपोळात जनावर मरेपर्यंत सांभाळतात. बरं करून मालकाकडे परत पाठवणं हे निराळं काम. त्यासाठी परळला दिनशा पेटिट यांच्या देणगीतून बाई साकरबाई रुग्णालय झालं आणि १८८६ मध्ये तिथेच पशुवैद्यकीय कॉलेज निघालं.

इतकं होऊनही कुत्री मारणं थांबलं नाही. मुंबईची महापालिका १९९० नंतरही काही वर्षं मारतच होती. मद्रासच्या ब्लू क्रॉसने १९६४ पासून नसबंदीचा आग्रह धरला, तो तिथल्या महापालिकेने मानला १९९६ ला. मुंबईत उच्च न्यायालयाचा आदेश १९९८ चा, देशभराचे नियम २००१ चे. पकडायचं, ऑपरेशन करायचं, रेबीजची लस द्यायची, कानाला खूण करायची आणि जिथून आणलं तिथेच सोडायचं. भटक्या कुत्र्यांना हे फुकट होतं. ताईंची कुत्री दिवसभर मोकळी फिरते, रात्री दाराशी झोपते. तिला पाळीव म्हणायचं की भटकी?

आपण जन्मलेल्यांसाठी खोल्या बांधल्या, पट्ट्या दिल्या. पण मादीचे दिवस भरतात नऊ आठवड्यांत. कुठला पांजरपोळ पुरणार?

आता कर्मादानाचं. त्या यादीत कोळसे पाडणं आहे, जंगलतोड आहे, हस्तिदंत आणि विषाचा व्यापार आहे. सगळे पोट भरायचे धंदे. बैल खच्ची करायचा तो नांगराला, गाडीला जुंपायला. ताईंच्या कुत्रीच्या ऑपरेशनातून कुणाला काय मिळणार होतं? पण एवढ्याने सुटका होत नाही, कारण पहिल्या व्रतात छविच्छेद आहेच. कापणं ते कापणंच.

महासतीजींना विचारलं. त्या म्हणाल्या, अशा कामाला साध्वीला हो म्हणता येत नाही, श्राविकेने आपला विवेक वापरावा. उत्तर मिळालं नाही म्हणून आधी मला राग आला होता, खरं सांगते.

दिवाळीनंतर एका संस्थेचं फुकट शिबिर वस्तीजवळ लागलं. ताईंबरोबर मी रिक्षाने गेले, कुत्री आमच्या दोघींच्या पायांशी. टाके सुकेपर्यंत दहा दिवस तिला आमच्या मागच्या गॅलरीत ठेवलं. सूनबाई आधी कुरकुरली, मग तीच दूधपोळी घालू लागली.

पक्खीच्या प्रतिक्रमणात बारावं कर्मादान आलं की अजून थांबते आणि मिच्छामि दुक्कडं जरा मोठ्याने म्हणते. ऑपरेशनसाठी की त्या पाच पिल्लांसाठी, ते मलाही सांगता येत नाही.