पोथीचे अक्षर आणि कोरीव ठसा

हस्तलिखित पोथीतील अक्षराला स्वतःचे वळण असते. बोरूचे टोक तिरके कापलेले असल्याने रेघ एका दिशेला जाड, तर दुसऱ्या दिशेला बारीक उमटते. मजकूर काजळाच्या शाईत आणि दंड, श्लोकांक व समाप्तीची वाक्ये हिंगुळाच्या लाल रंगात, अशी अनेक पोथ्यांची रीत होती. या वळणासह अनेक प्रती काढायच्या, तर ते अक्षर कठीण पृष्ठभागावर कोरावे लागते.

लाकडी ठशाच्या पद्धतीत अक्षर फळीवर उलटे आखतात. त्याच्या भोवतीचे लाकूड कोरून काढले की अक्षर उंच राहते. त्यावर शाई लावून कागद दाबला की ते सुलट उमटते. देवनागरीची शिरोरेषा लाकडाच्या शिरांना समांतर ठेवल्यास बारीक कोरूनही टिकते. उभे काने मात्र शिरांना आडवे जात असल्याने सहज तुटतात. लाल रंगासाठी निराळा ठसा लागतो. युरोपात सुट्या खिळ्यांचे मुद्रण रूढ झाल्यावरही हस्तलिखितांतील नक्षीदार आद्याक्षरांची ओढ कायम राहिली. एरहार्ट राटडोल्ट या मुद्रकाने व्हेनिसमध्ये १४७६ पासून काढलेल्या ग्रंथांत ती लाकडी ठशांनी भागविली.

मराठी मुलखात असा प्रयत्न झाला तो तांब्याच्या पत्र्यावर. पेशवे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्या प्रोत्साहनाने पुण्यातील एका तांबटाने नागरी अक्षरे कोरण्याची कला साध्य केली. भगवद्गीता छापविण्याचा नाना फडणवीसांचा मानस होता. परंतु १८०० मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने हे काम तडीस जाऊन १८०५ मध्ये गीता छापली गेली.

त्याच वर्षी बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण सुट्या नागरी खिळ्यांनी छापले गेले. मिरजेचा कोरीव पत्रा एकाच मजकुरापुरता होता. श्रीरामपूरचे खिळे सोडवून नव्या ग्रंथासाठी पुन्हा जुळविता येत. पुढील काळ खिळ्यांचा ठरला, यात नवल नाही.

हाताच्या वळणाला मात्र शिळाप्रेसने आसरा दिला. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मुंबईत शिळेवर पंचांग छापले. शिळेवर लेखनिकाचे अक्षर जसेच्या तसे उमटत असल्याने आडव्या पानांच्या पोथ्या पुढेही अशा रीतीने निघत राहिल्या. खिळ्याचा प्रत्येक ‘क’ सारखाच असतो. कोरलेला वा हाताने लिहिलेला ‘क’ दर वेळी किंचित निराळा होतो. पोथीच्या अक्षरावरून आज ठसा कोरणाऱ्याला जपायचा असतो, तो हाच किंचित फरक.