ला स्कालाचा बाजूचा दरवाजा

ऑपेरा म्हणजे श्रीमंतांचा शौक, असे आमच्या युनियनच्या कचेरीत कोणी म्हटले की मी त्याला मिलानच्या ला स्कालाची हकीकत सांगतो.

तिथले जुने थिएटर १७७६ साली जळाले. नव्याला पैसा दिला तो बॉक्सांच्या मालकांनी. १७७८ साली ला स्काला उघडले. बॉक्स म्हणजे वतनच. विकावा, नाहीतर मुलाला द्यावा. आत जेवणे व्हायची, बाहेरच्या दालनात जुगार चाले. आवडती चीज लागली की तेवढ्यापुरती मान रंगमंचाकडे वळे. खरे ऐकणारे सर्वांत वर, लोज्जोने नावाच्या गॅलरीत. त्यांचा दरवाजाही वेगळा, बाजूचा. पण नामवंत गवयाला धाक असे तो यांच्याच शिट्टीचा! आपल्या संगीत नाटकांचे पिट ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे निराळे सांगायला नको.

१८९७ साली नगरपालिकेने अनुदान थांबवले. बॉक्सवाल्यांची करमणूक सर्वांच्या करातून का? सवाल रास्त होता, असे मी आजही म्हणेन. परंतु दारे बंद झाली ती वरच्या मजल्यालाही. १८९८च्या डिसेंबरात ती पुन्हा उघडली. बॉक्सांची खाजगी मालकी मात्र १९२० नंतरच सुटली.

१९४३च्या ऑगस्टमध्ये बॉम्बने छप्पर कोसळले. शहर ढिगाऱ्यात असतानाच थिएटर फिरून बांधले, आणि ११ मे १९४६ रोजी फॅसिस्टांपुढे न वाकलेला ७९ वर्षांचा तोस्कानिनी तिथे वाद्यवृंदापुढे उभा राहिला. तिकीट न मिळालेल्यांसाठी बाहेर चौकात कर्णे लावले होते.