मृतांच्या जगातील नेतृत्व

प्रतिनिधी

अमेरिकेतील एएमसी या केबल वाहिनीवर ३१ ऑक्टोबर २०१० रोजी, हॅलोविनच्या रात्री, ‘द वॉकिंग डेड’ या मालिकेचा पहिला भाग प्रक्षेपित झाला. २० नोव्हेंबर २०२२ रोजी तिचा शेवट झाला, तोवर अकरा पर्वे आणि १७७ भाग पूर्ण झाले होते. लेखक रॉबर्ट कर्कमन यांच्या याच नावाच्या कॉमिकवर ती आधारलेली आहे. पहिल्या सहा अंकांची चित्रे टोनी मूर यांनी काढली, पुढची सारी चार्ली अ‍ॅडलार्ड यांनी. २००३ मध्ये सुरू झालेले हे कॉमिक २०१९ मध्ये १९३व्या अंकानिशी बंद झाले. त्याला दूरचित्रवाणीवर आणण्याचे श्रेय ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ या चित्रपटाचे दिग्दर्शक फ्रँक डॅराबाँट यांना जाते.

मेलेली माणसे उठून चालू लागतात आणि जिवंतांना खातात, ही कल्पना नवी नव्हे. जॉर्ज रोमेरो यांनी १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या चित्रपटात ती रूढ केली. मालिकेतील पात्रे मात्र ‘झॉम्बी’ हा शब्द वापरत नाहीत. ती या प्रेतांना ‘वॉकर्स’ म्हणतात. त्यांचे नियम सोपे आहेत. त्यांचा दंश झाला की ताप येऊन मृत्यू ठरलेला. मेंदूवर घाव घातल्याखेरीज ती थांबत नाहीत. आवाजाने ती गोळा होतात आणि वासाने जिवंत माणूस ओळखतात. दुसऱ्याच भागात रिक आणि ग्लेन अंगाला प्रेताचे रक्तमांस फासून अटलांटाच्या रस्त्यातून चालत जातात, ते याच कारणाने. हे नियम एकदा कळले की प्रेतांपासून वाचणे हा बऱ्याच अंशी सावधपणाचा आणि सवयीचा भाग उरतो. न सुटणारा प्रश्न दुसराच असतो. जिवंत राहिलेल्या पाचपंचवीस माणसांमध्ये निर्णय कोणी घ्यायचा आणि चुकणाऱ्याला अडवायचे कोणी?

(मालिका पाहणे बाकी असलेल्यांनी पुढील मजकूर जपून वाचावा. कोण कधी मेले हे सांगितल्यावाचून हिच्याविषयी काहीही लिहिणे शक्य नाही.)

कथानायक रिक ग्राइम्स (अँड्र्यू लिंकन) हा जॉर्जिया राज्यातील एका लहान परगण्याचा डेप्युटी शेरीफ. गोळी लागून बेशुद्ध पडलेला हा माणूस इस्पितळात डोळे उघडतो, तेव्हा जग संपलेले असते. बायको लोरी आणि मुलगा कार्ल यांना तोवर त्याचा मित्र व सहकारी शेन याने सुरक्षित ठेवलेले असते. म्हणजे रिक येण्याआधीच त्या तांड्याला एक पुढारी होता, आणि तो नालायकही नव्हता. रिकला पुढारीपण मिळते ते त्याच्या खाकी गणवेशामुळे आणि लोक आपसूक त्याच्याकडे पाहू लागतात म्हणून. शेनच्या मते दया ही चैन असते. दुसऱ्या पर्वात दोघांमध्ये उडणारे खटके त्यातूनच येतात.

या झगड्यात सर्वांत महत्त्वाचा माणूस मात्र तिसराच आहे. तो म्हणजे डेल हॉर्व्हथ, फिरत्या घराच्या टपावर दुर्बीण घेऊन पहारा देणारा म्हातारा. शत्रूच्या टोळीतला रँडल नावाचा तरुण हाती लागतो. त्याला सोडावे तर तो टोळीला घेऊन येईल आणि ठेवावे तर खायला घालावे लागेल. त्याला मारून टाकायचे असे जवळजवळ सर्वांचे ठरते. डेल दिवसभर एकेकाच्या दारी जाऊन विनवणी करतो आणि अखेरीस आँड्रियाखेरीज त्याच्या बाजूने कोणी उभे राहत नाही. रिक पिस्तूल उगारतो खरा, पण शेजारी आलेला लहानगा कार्ल गोळी घालण्यास सांगतो तेव्हा त्याचा हात थांबतो. त्याच रात्री डेल मरतो. त्याला फाडणारे प्रेत चिखलात रुतलेले असताना कार्लने खोडी काढून मोकळे केलेले असते. दफनाच्या वेळी रिक यापुढे डेलच्या मार्गाने चालण्याचे वचन देतो. पण त्याच भागाच्या शेवटापर्यंत शेनने रँडलला आणि रिकने शेनला मारलेले असते. मार्च २०१२ मध्ये आलेल्या पर्वाच्या अखेरच्या भागात रिक सोबत्यांना बजावतो की, येथून पुढे लोकशाही संपली. कोणीही, कसेही मेले तरी उठणारच, कारण रोग प्रत्येकाच्या अंगात आधीपासून आहे, हेही तो तेव्हाच सांगतो. ही गोष्ट त्याने कित्येक दिवस एकट्याने दडवून ठेवली होती.

या मालिकेची किल्ली येथे आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. तोंडावर ‘नाही’ म्हणणारा माणूस जोवर शेजारी असतो, तोवर येथला पुढारी माणूस राहतो. तो माणूस गेला, की तो बिघडतो.

डेलनंतर ही जागा हर्शेल ग्रीन (स्कॉट विल्सन) घेतो. तो मूळचा जनावरांचा डॉक्टर आणि शेतकरी. प्रेतांना आजारी माणसे समजून त्याने त्यांना गोठ्यात कोंडून ठेवले होते, म्हणजे तोही चुकलेला माणूसच. तुरुंगात आसरा घेतल्यावर एक पाय गमावलेला हा म्हातारा रिकचा खरा सल्लागार होतो. शेजारच्या वुडबरी गावाचा गव्हर्नर (डेव्हिड मॉरिसी) शांततेच्या बदल्यात मिशॉन हिला मागतो. रिक तिला देऊन टाकण्याच्या विचारात असतो. अखेर तो ही मागणी सर्वांपुढे उघड करतो, ती दडवून ठेवल्याची चूक कबूल करतो, आपण त्यांचे गव्हर्नर नाही असे सांगतो आणि निर्णय मताने घ्यायला लावतो. दूरचित्रवाणीवरील नायकाने आपला अधिकार स्वतःहून खाली ठेवल्याचे असे प्रसंग फारसे आढळत नाहीत.

गव्हर्नरची गोष्ट याच्या उलट. वुडबरीत भिंती आहेत, पहारे आहेत आणि हसरी मुले आहेत. आतल्या खोलीत मात्र प्रेत झालेली मुलगी साखळीने बांधलेली आणि काचेच्या पेट्यांत माणसांची मुंडकी. त्याच्याभोवती विरोध करू पाहणारा एकच माणूस उरतो, मिल्टन, आणि त्याला तो स्वतः भोसकतो. तुरुंगावरचा हल्ला फसल्यावर परत जाण्यास नकार देणाऱ्या आपल्याच गावकऱ्यांना तो रस्त्यावर गोळ्या घालतो. उरलेल्या वुडबरीकरांना आसरा मिळतो तो रिकच्या तुरुंगात.

चौथ्या पर्वात तुरुंगाचा कारभार मंडळ पाहते. हर्शेल, कॅरल, डॅरिल, ग्लेन आणि साशा हे त्याचे सभासद. रिक कुदळ घेऊन भाजीपाला पिकवतो. नव्या माणसाला आत घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारण्याची पद्धत येथेच पडते. प्रेते किती मारली, माणसे किती मारली आणि का मारली. शेवटचा ‘का’ महत्त्वाचा. पण मंडळ असूनही जुनी खोड जात नाही. तापाची साथ पसरू नये म्हणून कॅरल दोन रुग्णांना गुपचूप मारते. हे कळल्यावर रिक मंडळाला न विचारता तिला एकट्यानेच हद्दपार करतो. आश्चर्य असे की, पाचव्या पर्वाच्या पहिल्याच भागात नरभक्षकांच्या तावडीतून या साऱ्यांना सोडवते ती हीच हद्दपार कॅरल. ऑक्टोबर २०१४ मधील हा भाग अमेरिकेत १ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांनी पाहिला आणि तोच मालिकेचा उच्चांक ठरला.

अलेक्झांड्रिया ही वसाहत भिंतीआड सुखाने जगणारी. तिची प्रमुख डिअ‍ॅना मनरो ही ओहायोची माजी लोकप्रतिनिधी. नव्या जगातही ती मुलाखती चित्रित करून घेते आणि देहदंडाला ठाम नकार देते. नवऱ्याचा डोळ्यांदेखत खून होताच तीच रिकला गोळी घालण्याची मुभा देते. तिचा आधीचा नकार मनापासून होता की केवळ भिंतीच्या भरवशावर होता, हा प्रश्न मालिका उघडा ठेवते.

पुढचा प्रसंग मात्र टीकाकारांनी फारसा मनावर न घेतलेला, आणि माझ्या मते सर्वांत बोलका. हिलटॉप वसाहतीकडून धान्य मिळवण्यासाठी रिक ‘सेव्हियर्स’ या टोळीला संपवण्याचे कबूल करतो. चर्चमध्ये सभा भरते. आधी बोलून पाहावे असे म्हणणारा एकटा मॉर्गन निघतो. त्याचे ऐकून घेतले जाते आणि तेथेच सोडले जाते. मग रात्री झोपेतल्या माणसांच्या डोक्यात सुरे खुपसले जातात. एके काळी घरोघर पिझ्झा पोचवणारा ग्लेन, ज्याने तोवर एकही जिवंत माणूस मारला नव्हता, त्यालाही हे करावे लागते. या साऱ्याचा हिशेब सातव्या पर्वाच्या आरंभी, २३ ऑक्टोबर २०१६ रोजी, चुकता होतो. टोळीचा म्होरक्या निगन (जेफ्री डीन मॉर्गन) तारा गुंडाळलेल्या बॅटने अब्राहम आणि ग्लेन यांची डोकी फोडतो. त्या क्रौर्याने अनेक प्रेक्षक मालिका सोडून गेले. त्यांचा संताप समजण्यासारखा होता. पण निगन आकाशातून पडलेला नव्हता, हे विसरता येत नाही.

निगनच्या कारखान्यात कोण आहेस असे विचारले, की प्रत्येकाने ‘निगन’ असेच उत्तर द्यायचे. विरोधाला तेथे तोंडच उरलेले नाही. चुकणाऱ्याच्या चेहऱ्यावर तापलेली इस्त्री फिरते. अशी सत्ता भक्कम दिसते, पण भीती सरताच ती ओसरते. लढाईच्या शेवटी रिक निगनचा गळा चिरतो आणि लगेच त्याला वाचवायलाही सांगतो, कारण दंशाने गेलेल्या कार्लने मरताना सूड थांबवण्याची विनंती लिहून ठेवलेली असते. ज्या मुलाने गोळी घालायला सांगितले होते, तोच अखेरीस बापाला अडवतो. या निर्णयावर मॅगी आणि डॅरिल नाराज होतात. मॅगीचे तर चुकलेही म्हणवत नाही, कारण ग्लेन तिचा नवरा होता. हिलटॉपची प्रमुख झाल्यावर कटवाल्या ग्रेगरीला ती जाहीर फाशी देते.

रिक नवव्या पर्वाच्या पाचव्या भागात, नोव्हेंबर २०१८ मध्ये, कथेतून बाहेर पडतो. कॉमिकमध्ये तो अगदी शेवटच्या टप्प्यापर्यंत जगतो आणि १९२व्या अंकात मारला जातो. नायक गेल्यावर मालिका आणखी चार वर्षे चालली. प्रेक्षक घटले, लांबणही झाली. तरी पुढाऱ्यावाचून माणसे काय करतात हे त्यामुळेच पाहायला मिळाले.

अखेरचा टप्पा ‘कॉमनवेल्थ’ या पन्नास हजार वस्तीच्या शहरात घडतो. तेथे वकील आहेत, आइस्क्रीम आहे आणि जुन्या जगातली उतरंडही आहे. प्रेतांचा लोंढा आत शिरल्यावर गव्हर्नर पामेला मिल्टन श्रीमंतांच्या वस्तीचे फाटक बंद करून उरलेल्यांना बाहेर ठेवते. कॉमिकमध्ये रिकच्या तोंडी असलेला विचार, की चालती प्रेते आपण नव्हे, येथे डॅरिल मांडतो. डॅरिल हे पात्र मूळ कॉमिकमध्ये नाहीच. पामेलाचाच सेनापती मर्सर तिचा हुकूम मोडून तिला अटक करतो आणि फाटक उघडते.

वर्षभरानंतर इझिकेल गव्हर्नर झालेला दिसतो. हा पूर्वी प्राणिसंग्रहालयात वाघिणीची देखभाल करणारा माणूस. मर्सर त्याचा उपगव्हर्नर आहे. आणि शहराच्या रोजच्या कारभाराची फाइल कॅरलच्या हाती आहे, जी पहिल्या पर्वात नवऱ्याचा मार मुकाट्याने सोसत तळ्याकाठी कपडे धूत होती, आणि जी कॉमिकमध्ये तुरुंगातच जीव देते.