कर्नल शिकण्याची वाट

कर्नल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. प्रोसेसरचा वेळ कोणत्या प्रोग्रामला किती द्यायचा, मेमरी कशी वाटायची, डिस्कशी आणि कीबोर्डशी कोणी बोलायचे, हे सारे तो ठरवतो. साध्या प्रोग्रामात चूक झाली तर तो प्रोग्राम बंद पडतो. कर्नलमध्ये चूक झाली तर सगळे यंत्रच थांबते. म्हणून या विद्येत नव्याने शिरणाऱ्याचे प्रश्न अर्धशतकभर तेच राहिले आहेत: भाषा कोणती, पुस्तक कोणते, प्रयोगाला यंत्र कोठून आणायचे आणि पहिली ओळ कोठे लिहायची. उत्तरे मात्र बदलत गेली, कारण यंत्र आणि मूळ कोड कोणाच्या हाती आहे हे बदलत गेले. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यापुरता हा इतिहास मुख्यतः अंतराचा आहे.

महाराष्ट्रात संगणकाची विद्या मुंबईत सुरू झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा देशी संगणक पूर्ण झाला. तेव्हा यंत्र बांधणारेच ते चालवत; स्वतंत्र कार्यप्रणाली शिकवण्याचा प्रश्नच नव्हता. पवईच्या आयआयटीत पुढे हा विषय रुजला. तेथील प्राध्यापक धनंजय ढमढेरे यांची सिस्टम्स प्रोग्रामिंग आणि कार्यप्रणालीवरची पाठ्यपुस्तके देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत गेली. मूळचे सोलापूरचे अच्युत गोडबोले यांनीही कार्यप्रणालीवर इंग्रजीत पाठ्यपुस्तक लिहिले. अनेक विद्यार्थ्यांनी प्रोसेस, सेमाफोर, डेडलॉक हे शब्द प्रथम अशाच पुस्तकांत वाचले. पण वाचले एवढेच. कर्नलचा चालता कोड डोळ्यांपुढे नव्हता.

तो का नव्हता, याचे कारण देशाबाहेर आहे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये युनिक्सला सुरुवात केली आणि १९७३ मध्ये त्याचा कर्नल सी भाषेत पुन्हा लिहिला गेला. भाषेच्या प्रश्नाचे उत्तर तेव्हाच ठरले. कर्नल शिकणारा आजही आधी सी शिकतो. ऑस्ट्रेलियातील जॉन लायन्स यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा सुमारे नऊ हजार ओळींचा कोड छापून त्यावर टीका लिहिली. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने वर्गात असा कोड शिकवण्यास मनाई केली. लायन्स यांची टीका पुढे झेरॉक्सच्या प्रतींतूनच हातोहात फिरली. ती उघडपणे छापली गेली ती १९९६ मध्ये. मॉरिस बाख यांचे १९८६ चे युनिक्सवरचे पुस्तक भारतात स्वस्त आवृत्तीत मिळे, पण त्यातही मूळ कोड नव्हता, अल्गोरिदम सीसारख्या भाषेत मांडलेले होते. ज्ञानाला असे कुलूप लावणे ही शिक्षणाची मोठी हानी होती, आणि तिची झळ महानगरांपासून दूरच्या विद्यार्थ्याला सर्वांत जास्त बसली.

या काळातले विदर्भाशी जोडलेले नाव विजय भटकर यांचे. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी जन्मलेल्या भटकरांनी नागपूरला अभियांत्रिकीची पदवी घेतली. अमेरिकेने क्रे महासंगणक देण्यास नकार दिल्यावर १९८८ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. त्यातले अनेक ट्रान्सप्युटर, म्हणजे प्रोसेसर, एकत्र चालवायचे, तर त्यांच्यात काम वाटणारी प्रणालीही लागते. यंत्र विकत मिळाले नाही म्हणून त्याच्या पोटातले सॉफ्टवेअर लिहायला येथील अभियंते शिकले.

१९९१ मध्येच लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स या कर्नलची पहिली आवृत्ती खुली केली. ती सुमारे दहा हजार ओळींची होती. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात पीसीक्वेस्ट मासिकाने अंकासोबत लिनक्सच्या सीडी दिल्या. इंटरनेट १९९५ मध्ये आले ते आधी मोठ्या शहरांत. सीडी मात्र मासिक पोहोचेल तेथे पोहोचत होती. कोडचे कुलूप निघाले, पण यंत्राचा प्रश्न उरला. घरात एकच संगणक, त्यावर स्वतः बदललेला कर्नल चढवायचा, आणि चुकले तर डिस्कवरचे सगळे जाण्याची भीती.

पुण्यात तोवर हा व्यवसाय झाला होता. फाइल सिस्टम आणि डिस्क सांभाळणारे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपन्यांत मराठी अभियंते कर्नलवर काम करू लागले. २०१० च्या सुमारास पुण्याच्या केक्यू इन्फोटेकने सन या कंपनीची झेडएफएस ही फाइल सिस्टम लिनक्सवर आणण्याचे काम केले. खालचा थर अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने आधीच तयार केला होता. डिस्क माउंट होऊन फाइली दिसतील तो वरचा थर पुण्यात लिहिला गेला. झेडएफएस आणि लिनक्स यांचे परवाने जुळत नसल्याने तो कर्नलच्या आत न घालता वेगळे मोड्यूल म्हणून द्यावा लागला. कर्नलच्या कामात परवानाही वाचावा लागतो, हे नवशिक्याला सहसा कोणी सांगत नाही.

यंत्राचा प्रश्न सोडवला तो २००३ मध्ये फाब्रिस बेलार यांनी आणलेल्या क्यूईएमयूने. हा प्रोग्राम संगणकाच्या आत दुसरा संगणक उभा करतो. त्यातला कर्नल कोसळला तर खिडकी बंद करून पुन्हा सुरू करायची. २००६ मध्ये एमआयटीने लायन्स यांच्याच सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर एक्सव्ही६ हा छोटा कर्नल वर्गासाठी लिहिला. त्याच्या इंटेल आवृत्तीत सुरुवात अगदी हाताशी दिसते: डिस्कचे पहिले ५१२ बाइट, त्यांतले शेवटचे दोन ठरलेल्या खुणेचे. ती खूण नसेल तर यंत्र पुढे सरकत नाही. एवढ्याशा जागेतला कोड कर्नलला मेमरीत आणतो आणि सूत्रे त्याच्या हाती देतो. आयआयटी मुंबईच्या प्राध्यापक मैथिली वुटुकुरु यांची कार्यप्रणालीवरची व्याख्याने एक्सव्ही६ च्या आधारे कोणालाही विनामूल्य पाहता येतात.

लिनक्स आता तीन कोटींहून अधिक ओळींचा आहे आणि डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून त्यात रस्ट भाषेलाही जागा मिळाली आहे. सुरुवातीलाच त्यात उडी घेणे हा नवशिक्याचा नेहमीचा चुकीचा निर्णय. दहा हजार ओळींच्या आतला कर्नल आधी पूर्ण वाचावा. भंडारा, तुमसर किंवा साकोलीच्या विद्यार्थ्याला यासाठी आता नागपूरची गाडी धरावी लागत नाही. साधा लॅपटॉप, सी भाषेची तयारी आणि काही महिन्यांचा नेम पुरतो. पहिले काम म्हणून एक्सव्ही६ मध्ये स्वतःचा एक सिस्टम कॉल, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे काम मागण्याचा मार्ग, घालावा. पाच-सहा फाइली उघडाव्या लागतात, आणि एका संध्याकाळी तो चालू होतो.