वाढविलेला ठोका

गोंदियाच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहत बसण्याचा प्रसंग आम्हांस वरचेवर येतो, आणि दर वेळीं घड्याळाकडे नजर गेली कीं एक जुनी गोष्ट आठवते. १८८० सालीं नागपूर-छत्तीसगड रेल्वे या बाजूस आली. पुढें बंगाल-नागपूर रेल्वेनें ती आपल्याकडे घेऊन तिचे रूळ रुंद केले. त्या काळीं हिंदुस्थानांतील आगगाड्या मद्रासच्या वेळेवर धावत. मद्रासची वेधशाळा व गोंदिया ह्यांचे रेखांश जवळजवळ एकच, ८० अंश आणि वर थोड्या कला. त्यामुळें मुंबईस किंवा कलकत्त्यास स्टेशनांतील घड्याळ आणि गांवचा सूर्य ह्यांचें भांडण चालू असतां गोंदियास मात्र दोघांचें एकमत असे. १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंशांची प्रमाणवेळ आली, आणि तेव्हांपासून गोंदियाचें घड्याळ तेथील सूर्याच्या सुमारें नऊ मिनिटें पुढें चालतें.

घड्याळ पुढें सारलें म्हणून सूर्य लवकर उगवत नाहीं. परंतु एक यंत्र असें आहे कीं, त्याचा ठोका जलद केला असतां तें खरोखरीच अधिक काम उरकूं लागतें. तें म्हणजे टेबलावरील संगणकाचा प्रोसेसर. ह्या खटपटीस ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. गेल्या मे महिन्यांत आमच्या भाच्यानें गोंदियास ती आमच्या डोळ्यांदेखत केली, आणि तिच्यापायीं मेहुण्यांच्या राईस मिलचें एका हंगामाचें खातें गेलें. तेव्हांपासून ह्या विद्येचा इतिहास आम्हीं जमेल तसा समजून घेतला; त्यांतील कांहीं भाग वाचकांस सादर करतों.

प्रोसेसराचे सारें काम एका ठोक्यावर चालतें. क्वार्ट्झच्या स्फटिकाच्या कंपनांपासून एक मूळ ठोका मिळवितात; आजच्या बहुतेक यंत्रांत तो सेकंदास १० कोटींचा, म्हणजे १०० मेगाहर्ट्झचा असतो. त्यास ३६ नें गुणिलें कीं ३.६ गिगाहर्ट्झ झाले. प्रत्येक ठोक्यास आकड्यांनीं एक पाऊल पुढें टाकावयाचें आणि पुढचा ठोका पडण्यापूर्वी आपल्या जागीं स्थिर व्हावयाचें. ४ गिगाहर्ट्झच्या एका ठोक्याच्या अवधींत प्रकाशसुद्धां साडेसात सेंटिमीटरच जातो. त्यावरून ही घाई केवढी असेल हें लक्षांत यावें. एखादा आकडा वेळेवर पोंचला नाहीं, तर यंत्र बहुधा तक्रार करीत नाहीं. जें हातीं असेल तेंच खरें मानून पुढें जातें. कारखानदार प्रत्येक तुकडा तपासून त्याचा वेग ठरवितात, तो कांहींसा हात राखूनच. ह्या राखलेल्या हातावर ओव्हरक्लॉकिंगचा सगळा संसार उभा आहे.

१९८१ सालच्या आयबीएम पीसीचा ठोका ४.७७ मेगाहर्ट्झचा होता. १९८४ सालीं निघालेल्या पीसी-एटीचा ६ मेगाहर्ट्झचा. ह्या दुसऱ्या यंत्रांत १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक खोबणींत बसविलेला असे व ठोका त्याच्या निम्मा पडे. हौशी लोकांनीं तो स्फटिक उपटून तेथें १६ चा बसविला, आणि यंत्र ८ वर धावूं लागलें! कंपनीस हें रुचलें नाहीं. पुढच्या बायोसमध्यें तिनें वेग तपासण्याचीच तजवीज करून ठेविली. गंमत अशी कीं, त्याच सुमारास इतर कारखान्यांच्या संगणकांवर 'टर्बो' नांवाचें एक बटण असे, आणि त्याचा खरा उपयोग यंत्र मंद करण्याकडेच होई, कारण ४.७७ च्या ठोक्यावर बेतलेले जुने खेळ जलद यंत्रावर खेळणाऱ्याच्या हातीं लागत नसत.

हौस आहे तेथें लबाडीहि येते. १९९० नंतरच्या दशकांत कांहीं व्यापारी मंद प्रोसेसरावरील अक्षरें पुसून वरच्या वेगाचा आंकडा छापीत व तो महाग विकीत. इंटेलनें गुणक कुलूपबंद केला तो अशा काळांत. तरी मूळ ठोका मदरबोर्डाच्या हातीं राहिलाच होता. १९९८ सालीं आलेला स्वस्त सेलेरॉन ३००ए हा ह्या विद्येंतील सर्वांत गाजलेला तुकडा. त्याचा गुणक साडेचार आणि मूळ ठोका ६६ चा. तो १०० चा केला कीं ३०० चे ४५० मेगाहर्ट्झ होत, आणि पुष्कळशीं यंत्रें तेवढ्यावर बिनतक्रार चालत. गरिबाच्या घरीं श्रीमंताचें यंत्र आलें, ह्याहून निराळें वर्णन आम्हांस सुचत नाहीं.

मार्च २००० मध्यें एएमडी व इंटेल ह्या दोघांनीं दोन दिवसांच्या अंतरानें १००० मेगाहर्ट्झचा पल्ला गांठला. तेथून पुढें उष्णता आडवी आली. २००४ च्या ऑक्टोबरांत ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ काढण्याचा बेत इंटेलनें सोडून दिला. कारण सोपें आहे: ठोका वाढेल तशी वीज वाढते, पण ठोका पेलण्यासाठीं व्होल्टेज वाढविलें कीं वीज त्याच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ठोका एकपंचमांशानें व व्होल्टेज एकदशांशानें चढविलें, तर वीज व उष्णता जवळजवळ दीडपट होते. डिसेंबर २०२२ मध्यें ९ गिगाहर्ट्झची सीमा ओलांडली गेली, तीहि द्रवरूप हेलियमच्या साह्यानें, उणे २६९ अंशांच्या आसपास. २००८ च्या अखेरीपासून इंटेलचे प्रोसेसर स्वतःच थंडावा पाहून ठोका वाढवूं लागले. म्हणजे जी राखीव हौशी माणसाची होती ती कारखान्यानेंच खर्चून टाकली. २०२४ सालीं तर आपल्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या कांहीं प्रोसेसरांत प्रमाणाबाहेर व्होल्टेज जात असल्याचें कबूल करून इंटेलला दुरुस्ती पुरवावी लागली.

परंतु ठोका वाढला हें कळावें कसें? सीपीयू-झेड ह्यासारखे कार्यक्रम पडद्यावर आंकडा दाखवितात. १९९३ च्या पेंटियमपासून प्रोसेसरांत ठोके मोजणारा एक गणक असतो. दुसऱ्या एखाद्या घड्याळाच्या एका सेकंदांत किती ठोके पडले तें पाहिलें कीं वेग निघतो. सगळी भिस्त त्या दुसऱ्या घड्याळावर. २०१३ च्या ऑगस्टांत विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या एचडब्ल्यूबॉटनें विंडोज ८ वरील नोंदी नाकारल्या, त्या ह्याच कारणास्तव. यंत्र चालू असतां मूळ ठोका मंद केला तर विंडोजचें घड्याळहि मंद पडे. बाहेरचा सेकंद पुरा झाला तरी आंतला होत नसे, आणि यंत्र होतें त्याहून चपळ भासे. हें वाचलें तेव्हां आम्हांस गोंदियाचें स्टेशन आठवल्यावांचून राहिलें नाहीं.

आतां भाच्याची गोष्ट. त्यानें ३.६ चे ४.४ केले, व्होल्टेज थोडें चढविलें आणि मोठ्या अभिमानानें म्हणाला, "मामा, बघा, फुकटांत नवा कॉम्प्युटर!" पडद्यावर ४.४ झळकत होते. बाहेर पारा ४४ अंशांवर, खोलींत ४० च्या वर. पंख्यानें प्रोसेसर कितीहि निवविला तरी खोलीच्या हवेहून थंड तो व्हावा कसा? त्यानें प्राइम९५ लावलें. मूलतः प्रचंड मूळसंख्या शोधण्यासाठीं लिहिलेला हा कार्यक्रम, ज्यांचीं उत्तरें आधींच ठाऊक आहेत अशीं गणितें यंत्राकडून पुनःपुन्हा करवून चूक पकडतो. पांच मिनिटांत उष्णता १०० अंशांना टेकली आणि आंकडा ४.४ वरून उतरत ३.२ वर आला. यंत्र आपला जीव वाचविण्यासाठीं ठोके आवरीत होतें. पूर्वीहून मंद आणि पूर्वीहून तप्त! परीक्षा रात्रभर चालवावयाची असते. त्यानें दहा मिनिटांत आटोपली, चूक दिसली नाहीं म्हणून समाधान मानलें.

त्याच यंत्रावर संध्याकाळीं मेहुणे धानाची आवक लिहीत बसले. खातें जतन होत असतां पडदा गोठला. पुन्हा सुरू केल्यावर खातें उघडेना. त्याची आठवड्यापूर्वीची एक प्रत सांपडली, पण तींतहि दोन बेरजा काट्याच्या पावत्यांशीं जुळेनात. त्या चुका यंत्राच्या कीं माणसाच्या, ह्याचा निर्णय शेवटपर्यंत लागला नाहीं, आणि आम्हांस तोच भाग सर्वांत त्रासदायक वाटला. बंद पडलेलें यंत्र निदान बंद पडल्याचें सांगतें. बहीण, मेहुणे व आम्ही अशा तिघांनीं पोत्यांतून पावत्या काढून सहा रात्री सारा हंगाम पुन्हा लिहिला.

मेहुणे मुलावर रागावतील असें आम्हांस वाटलें होतें. ते एवढेंच म्हणाले, "पॉलिशरचा पट्टा जलद फिरवला तर तांदूळ लवकर निघतो, पण कणी वाढते. हें तुला गिरणींत दिसलें नाहीं काय?" भाच्यानें ठोका मूळ जागीं आणून ठेविला आहे. थंडींत, डिसेंबरांत पुन्हा करून पाहणार असें तो म्हणतो. खात्यासाठीं मात्र मेहुण्यांनीं दुसरा जुना संगणक मिलच्या खोलींत मांडला असून त्यास हात लावण्याची भाच्यास मनाई आहे.